हसलेला माल

पहाटे तीनला दादरच्या पुलाखाली
माझा गाळा उघडा, आणि गाळ्यात नुसत्या बादल्या,
पाण्यात ब्लीचचे दोन थेंब टाकून ठेवलेल्या.
समोरच्याची लिली आली.
नाशिकची झरबेरा आली, प्रत्येकीला प्लास्टिकची टोपी,
बारशाला निघाल्यासारखी.
बंगलोरचा गुलाब तर विमानाने येऊन बसला,
अंगावर अजून शीतगृहाचा काटा.
इसाकचा टेंपो तेवढा नाही.

सव्वातीनला त्याचा फोन:
"ताई, घाटात टँकर आडवा झालाय.
पुढं बी नाही, मागं बी नाही."
"बर्फ?"
"बर्फाचं कवाच पाणी झालं. ते पण सांडलं."

बावीस वर्षं मी ह्या बाजारात.
इथे कळी म्हणजे पैसा.
गुलाब घट्ट पाहिजे, मुठीसारखा,
मांडवात चढेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही.
गिऱ्हाईक दोन बोटांत देठ धरतो, एकदाच बघतो,
म्हणतो, "हसलाय माल."
हसला म्हणजे गेला.

साडेचारला छेडांचा मुलगा आला,
घाटकोपरचं लग्न, साठ जुड्या सांगून ठेवलेल्या.
पाच मिनिटं थांबला. मग मोबाईलवर काहीतरी टिपत
बंगलोरवाल्याकडे वळला.
"कमी पडले तर कापडी लावतो, आंटी. फोटोत कळत नाही."
मी काही बोलले नाही.
फोटोत खरंच कळत नाही.

टेंपो आला नऊ वाजून दहा मिनिटांनी.
पार्किंगवाल्याने आधी पावती फाडली, मग मागचं दार उघडू दिलं.
खोकी ओलसर, एका कोपऱ्यात दबलेली.
हात घातला तर आत
ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं.
झाकणावर हौसाबाई असवलेचं नेहमीचं अक्षर,
निळ्या मार्करने:
जुड्या साठ. पाणी पाजून पाठवल्यात.

वर्तमानपत्र सोडलं.
बाराशे गुलाब, एकजात,
खदाखदा.

मरोळ गावठाणातून लोरेटा परेरा येते दहाच्या सुमारास.
शवपेटीवरची चक्रं बांधते, तिला अशीच लागतात.
"चारला माती द्यायची," ती म्हणते,
"तवर मेलेल्याने कळी उमलायची वाट बघायची काय?"
रुपयाला पाच आण्याच्या भावात तीस जुड्या नेल्या.
बाकीच्यांच्या पाकळ्या सुट्ट्या, किलोवर.

मग फोन. हा फोन मला दर वेळी जड जातो.
हौसाबाईने ऐकून घेतलं. आकडा परत विचारला नाही.
तिच्या मागे फवाऱ्याची फसफस,
पॉलिहाऊसमध्ये पाणी चालू असावं.
मग म्हणाली, "ताई, एक इचारू?
ही जात औंदाच लावली. रोपवाल्यानं फोटू दावला तेवढाच.
आम्ही तर मिटलेलीच तोडतो.
आतनं कसा रंग हाय तिचा?"

बावीस वर्षं मी देठ मोजले. लांबी, काटे, पानं, डाग.
"थांब," म्हटलं, "बघून सांगते."
एक उचललं. बाहेरून विटकरी.
आत, खाली, जिथे पाकळ्या एकमेकींत शिरतात,
तिथे पिवळा. पिवळा नव्हे,
बेसन तुपात भाजताना
आता गॅस बंद करावा असं वाटतं ना,
तेव्हाचा.

"अस्सं?" ती म्हणाली,
आणि फोन बाजूला धरून कुणाला तरी
मोठ्याने सांगितलं, बेसनाचा गं, भाजलेल्या.
हसणं ऐकू आलं. कुणाचं, ते कळलं नाही.

इसाक गाळ्यातच पोत्यावर झोपला होता, तोंड उघडं टाकून.
एक जुडी मी बादलीत ठेवली.
विकायची नाही असं काही नव्हतं,
कुणी मागितली असती तर दिली असती.
बाजार उठेपर्यंत कुणी मागितली नाही.